एंटर एकदाच दाबायचं

आल्हादनं दाजींवर उपकार करायला जायलाच नको होतं. दाजींनी सांगितलं होतं एवढंच, की जळलेल्या कॉम्प्युटरच्या जागी तसाच दुसरा जुना आणून बसव. तसाच म्हणजे तसाच. पण आल्हादचा स्वभाव आडवा आला. जुन्या मालाच्या बाजारात हिंडताना त्याला एक मदरबोर्ड दिसला. दाजींच्या मशीनचं ते लांबलचक इलेक्ट्रॉनिक कार्ड ज्यात बसेल अशी खाच होती आणि प्रोसेसर मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वेगवान. म्हाताऱ्या माणसाला जरा बरी वस्तू द्यावी म्हणून त्यानं तो उचलला, बसवला, मोठ्या ऐटीत बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. विंडोज प्रोटेक्शन एरर, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. त्यानं पुन्हा सुरू केला, पुन्हा तीच ओळ. शंभर वेळा सुरू केला असता तरी शंभर वेळा तेच ऐकावं लागलं असतं, आणि आल्हादनं जवळजवळ तेवढ्या वेळा केलाही.

दाजी म्हणजे भिवंडीजवळच्या राहनाळचे जुने जमीनवाले. शेतं गेली, त्यांवर गोडाऊन उभी राहिली, पण घरामागचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना त्यांनी मोडला नव्हता. कारखान्याला लागून एक खोली होती आणि तिच्यात पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडणारं मशीन. साडीच्या किनारीत मोर यायचा की कुयरी, हे त्या भोकांवरून ठरतं. कार्ड नाही तर नक्षी नाही. हे मशीन दाजींची सून उन्नती चालवायची आणि आजूबाजूचे कारखानेही तिच्याकडूनच कार्डं घ्यायचे. मशीनला हुकूम देणारा प्रोग्रॅम विंडोज अठ्ठ्याण्णवच्या पुढं काही ओळखत नव्हता. तो बनवणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता. दाजींचा मुलगा भावेश म्हणायचा, भंगारात घाला आणि खोली गोडाऊनला द्या. दाजी म्हणायचे, मी मेल्यावर घाल.

तर हे असं लचांड. आल्हादला आताशा अशी लचांडं झेपत नव्हती. भिवंडीत धामणकर नाक्यावर एका मिठाईवाल्याच्या डोक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एके काळी जिन्यावर रांग लागायची, आता लोक बिघडलेलं दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. येतात ते दाजींसारखे, ज्यांचं नव्यानं भागत नाही. पन्नाशी उलटलेली, पाठ धरलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला. बरं, दुकानातून घरी जाऊन तरी बूड टेकावं, तर घरी भाऊ होते.

भाऊ म्हणजे आल्हादचे वडील. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. राहनाळ, कशेळी, भिवंडी, जिथं बदली झाली तिथल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. खुद्द दाजीही त्यातलेच. गेल्या गणपतीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण पलंगावरून हलता येईना, आणि बोलणं तर जवळजवळ बंदच झालं. जे थोडं बोलत त्याला शेंडाबुडखा नसे.

आल्हादची बायको सरोजिनी सकाळच्या शाळेत शिक्षिका. दुपारी घरी आली की ती भाऊंना कुशीवर वळवायची, पुसून काढायची, भरवायची. रात्री तेच आल्हादनं करायचं. दोघांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायलाही थोडी ताकद शिल्लक लागते. एके दुपारी सरोजिनीनं विचारलं, "भाऊ, पोळी देऊ की भात?" भाऊ म्हणाले, "पाठ." "आता पाठ कशाशी खातात तेही सांगा," असं म्हणून ती खूप हसली. मग ओट्याशी जाऊन नळ सोडून रडली. आल्हादनं ते बाहेरून ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पुण्याहून आल्हादची बहीण सई रोज फोन करायची. उंटावरून शेळ्या हाकायला तिला फार आवडायचं. भाऊंना उन्हात बसवा, अक्रोड द्या, त्यांच्याशी बोलत राहा. पण आता तिनंच मार्ग काढला होता. बदलापूरच्या पुढं एक वृद्धांचं निवासी केंद्र होतं, चोवीस तास माणसं, फिजिओथेरपी, सगळं. तिथून एक बाई भाऊंना बघायला आल्या. स्वभावानं बऱ्या होत्या, पण त्यांना पुढं अजून दोन घरं करायची होती. भराभरा प्रश्न विचारत होत्या. कुठं राहता, म्हणून विचारलं तर भाऊ म्हणाले, "रघुनाथ." आल्हादकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? भाऊंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बुधवार."

पोटचा मुलगा बुधवार झाला. बाईंनी मोबाइलवर काहीतरी नोंदवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "समज गेलीय हो. घरच्यांना स्वीकारायला जड जातं." आल्हाद त्यांना जिन्यापर्यंत सोडायला निघाला, तेवढ्यात मागून भाऊंनी हाक मारली, "आल्हाद." तो म्हणाला, "आलो भाऊ, थांबा," आणि बाईंबरोबर खाली गेला.

त्यानंतर सईनं व्हिडिओ कॉल केला. तिनं भाऊंना विचारलंही, विचारलं नाही असं नाही. "भाऊ, तिकडे राहायला जाल ना? अहो, मोठी बाग आहे, देऊळ आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत, मी दर पंधरा दिवसांनी येईन. बरं, रविवारी येताना काय आणू? आंबा बर्फी आणू?"

"नको," भाऊ म्हणाले.

आंबा बर्फी म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. मधुमेह निघाल्यावरसुद्धा ते कपाटातल्या धोतरांमागे बर्फीचा पुडा लपवायचे. त्या माणसानं बर्फीला नको म्हटलं, म्हणजे आत आता कोणीच उरलं नाही, असं सई, आल्हाद, सरोजिनी तिघांच्याही मनात आलं. सईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "रविवारी सकाळी गाडी घेऊन येते."

शनिवारी शाळेतून आल्यावर सरोजिनी भाऊंची बॅग भरायला बसली. दाजींचा फोन आला, तेव्हा आल्हाद खरं तर जाणार नव्हता. पण दाजी ओरडले, "पोरा, मंगलवारपासून माज्या सुनंची मशीन बंद हाय. लोकं दारान येऊन बसतान. येतोस का मी येऊ?" आल्हाद उठला. सरोजिनी बॅगेत भाऊंचे सदरे घडी घालून ठेवत होती. ते बघत बसण्यापेक्षा राहनाळची धूळ परवडली, हे त्याला कबूल होतं. सरोजिनीलाही कळलं. ती एवढंच म्हणाली, "अंधार पडायच्या आत या. भाऊंना एकटीनं नाही उचलवत."

अंजूरफाट्याला कंटेनर अडकले होते. स्कूटर दोन ट्रकांच्या मधे घालून आल्हाद उभा राहिला. पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलं होतं, अति घाई संकटात नेई. आणि त्याच ट्रकचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

रोगाचं निदान आल्हादला काल झालं होतं. इंटरनेटवरची जुनी, कोणी न झाडलेली पानं चाळून त्यानं ते शोधून काढलं होतं. खोलीत पोचल्यावर दाजी खुर्ची ओढून शेजारीच बसले. उन्नती मागं उभी राहिली. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळं बोलायचं ते ओरडूनच.

"सांग बघू, काय झालाय मशीनला? येडी झालीय का?"

"वेडी नाही दाजी," आल्हाद केसिंगचं झाकण काढत म्हणाला. "हे जुनं विंडोज सुरू होताना प्रोसेसरची परीक्षा घेतं. त्याला म्हणतं, इतके इतके आकडे मोज बघू. आणि स्वतः घड्याळाकडे बघत बसतं, याला किती वेळ लागतो ते. त्या काळचे प्रोसेसर सावकाश मोजायचे. मी आणलेला हा पळतो. घड्याळ पुढं सरकायच्या आत सगळं मोजून मोकळा. मग विंडोजच्या हिशेबात वेळ येतो शून्य. पुढं त्या शून्यानं भागायला जातं आणि..."

"शून्यानं भागाया न्हाय जमत," दाजी लगेच म्हणाले. "तुज्या बापानंच शिकवलाय मना."

"तेच. तिथं अडकतं आणि बंद पडतं."

"म्हंजे मशीन चांगली, विंडोज बी चांगला. तू आनलास तो पलपुटा वाईट."

"तोही वाईट नाही हो. घाईचा आहे."

दाजी हसले. तोंडात दात कमी असले तरी त्यांचं हसणं मोठं होतं. "तू बापावर न्हाय गेलास पन. गुरुजी सवाल इचारायचे आनि खिरकीतून भायेर बघत उबे र्‍हायाचे. कोनी हात वर करला, तरी बोलायचे, थांब, यो सांगतोय ना. मी तं लई ढ. माजा उत्तर यावाला घंटा व्हायची येल यायची. पन ते मान वलवून बी बघायचे न्हाय. मी कई चुकलो न्हाय बग त्यांच्या वर्गात. येल लागला, पन चुकलो न्हाय."

आल्हाद हूं हूं करत होता. त्याचं लक्ष पडद्याकडे होतं. कॉम्प्युटर सुरू होण्याआधी जी निळी सेटिंगची पाटी उघडता येते, ती त्यानं उघडली. प्रोसेसर आपल्या हाताशी थोडी चटकन मिळणारी मेमरी ठेवतो, तिला कॅश म्हणतात. तिच्या जिवावर तो पळतो. आल्हादनं ती बंद करून टाकली. धावणाऱ्याच्या पायात खोडा घातला म्हणा ना. मग पुन्हा सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

ती पांढरी ओळ आली नाही. निळ्या आभाळाचं जुनं चित्र आलं आणि आलं ते हलायलाच तयार होईना. दाजींनी तंबाखू मळली, खाल्ली, बाहेर जाऊन थुंकून आले, तरी आभाळ तिथंच. शेवटी एकेक करून चिन्हं उमटायला लागली. उन्नतीनं टाळी वाजवली. मंगळवारपासून तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"हे कायमचं नाही," आल्हाद म्हणाला. "आता यात दुरुस्त केलेली फाइल टाकतो. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं बनवून ठेवलीय. तिच्यात फार काही केलेलं नाही, फक्त मोजायचे आकडे खूप वाढवलेत. म्हणजे कितीही पळणारा असला तरी थोडा वेळ लागणारच, आणि विंडोजला तो मोजता येणार. मग पायातला खोडा काढता येईल."

सीडीवरून फाइल उतरायला लागली. रांगत रांगत उतरली. "आता एकदा बंद करून..." आल्हाद म्हणेपर्यंत उन्नती माउसला हात घालून बसली होती. "काका, माजी डिझायनं हायत का तं बघू द्या आदी. मंगच मना बरा वाटंल."

तिनं पंचिंगचा प्रोग्रॅम निवडला आणि एंटर दाबलं. पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही. मग वैतागून टपटपटप दाबत सुटली. "थांब जरा, सावकाश आहे तो," आल्हाद म्हणाला. तेवढ्यात प्रोग्रॅम उघडला. उघडला आणि पडद्यावर काहीतरी सर्रकन सरकलं. उन्नतीनं आपलं सवयीनं नाव टाइप केलं, मोर.

मोर उमटला, पण भलत्याच चौकटीत. पहिली चौकट डिझाइनच्या नावाची. ती रिकामीच राहिली होती. दुसरी चौकट विचारत होती, कार्डं किती? आणि तिच्यात मोर जाऊन बसला होता.

"घ्या! कार्डं किती, तं मोर!" उन्नती कपाळावर हात मारून हसली. "बाबा, यो तं खराच भरमिष्ट झाला."

"भ्रमिष्ट नाही झाला," आल्हाद सवयीनं समजावायला लागला. "तू मघाशी चार-पाच एंटर दाबलेस ना, ते त्याच्याकडे साठून राहिले. पहिला प्रश्न आला, तर तुझं एंटर आधीच तयार. ते गिळून तो पुढच्या प्रश्नावर गेला, आणि आकड्याशिवाय तिथून पुढं सरकत नाही म्हणून तिथं थांबला. तू दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण ते पहिल्या प्रश्नाचं होतं. आपण त्याला वेळच दिला नाही, तोवर पुढचा..."

आणि तो बोलता बोलता थांबला.

दाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पलीकडे लूम खडखडत होते. आल्हाद पडद्याकडे बघत होता, पण त्याला पडदा दिसत नव्हता.

पोळी देऊ की भात? पाठ. पण पोळीच्या आधी सरोजिनीनं काय विचारलं होतं? ती रोज तेच विचारायची, उशी सारखी करताना, दुसरीकडे बघत: भाऊ, कुठं दुखतंय का? आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायला घ्यायची. पाठ दुखत होती. किती दिवस दुखत होती देव जाणे. ते सांगत होते, आणि आम्ही हसत होतो.

कुठं राहता? रघुनाथ. त्याच्या आधी बाईंनी विचारलं होतं, आजोबा, नाव काय तुमचं? हे कोण? बुधवार. त्याच्या आधी विचारलं होतं, आज वार कोणता? आणि बाई आल्या होत्या तो बुधवारच होता. म्हणजे माणूस एकही उत्तर चुकला नव्हता. आणि मग बाई उठल्या, पर्स उचलली, जिन्याकडे निघाल्या, तेव्हा मागून ती हाक आली. ती हाक नव्हतीच. हे कोण, याचं उत्तर होतं ते. आल्हाद.

आलो भाऊ, थांबा, असं म्हणून तो खाली गेला होता. थांबा, असं त्यांनाच सांगितलं होतं. सगळ्या घरात एकटे तेच तर थांबलेले होते.

आणि बर्फी.

"काय झाला रं?" दाजींनी विचारलं.

"काही नाही. मला घरी जायचंय."

"मशीन?"

मशीन अर्धवट टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, निळी पाटी उघडून कॅश परत चालू केली, आणि सुरू केला. आभाळ आलं आणि चुटकीसरशी गेलं. चिन्हं आली. उन्नतीनं प्रोग्रॅम उघडला, या वेळी मुद्दाम एकच बोट वर धरून एकदाच एंटर दाबलं. मोर त्याच्या जागी बसला, कार्डांचा आकडा त्याच्या जागी. पहिल्या पुठ्ठ्याला भोकं पडायला लागली आणि दाजींनी आल्हादच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. एरवी अशा वेळी आल्हादला चार दिवस पुरेल इतका आनंद व्हायचा. आज तो धपकासुद्धा त्याला नीट लागला नाही.

"एंटर एकदाच दाबायचं," तो उन्नतीला म्हणाला, "आणि वाट बघायची. आता वेगवान झाला असला तरी."

दाजी स्कूटरपर्यंत आले. "गुरुजींना नमस्कार सांग. मना यावाचा होता भेटाया. पन भावेश बोलला, ते आता वलखत न्हाय कोनाला."

"ओळखतात," आल्हाद म्हणाला. "या तुम्ही. फक्त वेळ काढून या."

घरी आला तेव्हा अजून ऊन होतं. भाऊंची बॅग दाराशी उभी होती. सरोजिनी भाऊंच्या पायांना तेल लावत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते कधीचंच झालेलं असणार, आल्हादनं मात्र आज पाहिलं. तो चप्पल न काढताच पलंगाशी स्टूल ओढून बसला.

"भाऊ," तो म्हणाला, "उद्या सई येतेय. ती नेणार आहे त्या केंद्रात तुम्हाला राहायला जायचंय का?"

"अहो, आता कशाला..." सरोजिनीनं सुरुवात केली. आल्हादनं हात वर केला. ती थांबली.

भाऊ त्याच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा तसाच होता, रोजच्यासारखा, एका बाजूला ओघळलेला. आल्हादच्या जिभेवर पुढची वाक्यं रांग लावून उभी होती. बाग आहे तिथं. आम्ही येत जाऊ. तुमच्या भल्यासाठीच. ती सगळी त्यानं गिळली. गिळायला फार जड गेलं. खरं सांगायचं तर त्याला उत्तराची भीती वाटत होती. हो आलं तरी, आणि नको आलं तर जास्तच. नको आलं तर ती पाठ, ते उचलणं, त्या रात्री, सगळं आहे तसंच पुढं चालू राहणार होतं, आणि त्याच्या अंगात खरोखरच आता काही उरलं नव्हतं.

काय करावं ते सुचेना, म्हणून तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. मागच्या गल्लीतला लूम खटखट करत होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळवण गोळा करत होतं. खाली रिक्षावाल्यांचं भांडण सुरू झालं, पेटलं आणि मिटलंही. सरोजिनीच्या हातावरचं तेल वाळलं. तिनं एकदा आल्हादकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे, आणि मग तीही पलंगाच्या कडेला बसली.

"नको," भाऊ म्हणाले.

आल्हाद वळला नाही. अजून काही येतंय, असं त्याला वाटलं. आणि ते आलं, एकेक अक्षर ओढत.

"सांगितलं... होतं."

सरोजिनीनं पदर तोंडाला लावला. तिला अजून काहीच समजलं नव्हतं, आणि तरी सगळं समजल्यासारखं झालं होतं. आल्हादनं तिला पाठीचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिची मान खाली गेली. मग तिनं भाऊंचा चांगला हात धरला आणि सासऱ्यांसमोर जे इतके महिने तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं. "भाऊ, चुकलं आमचं. पण आम्ही फार दमलोय हो. खरंच फार दमलोय."

पुन्हा तो वेळ गेला. या वेळी दोघं मिळून गप्प बसले. गल्लीत दिवे लागले.

"मी पण," भाऊ म्हणाले.

तिघं तशीच बसून राहिली. कोणाचा प्रश्न सुटला नव्हता. दमलेली माणसं दोन होती ती तीन निघाली, एवढंच. पण सरोजिनी उठली, दाराशी उभी असलेली बॅग तिनं कपाटापाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "सईला फोन करा. म्हणावं, गाडी घेऊन ये, पण बॅग तुझी घेऊन ये. महिन्यातले आठ दिवस तिनं इथं राहायचं. दिवसा मदतीला बाई बघू. आणि उद्या आधी डॉक्टरांना पाठ दाखवायची." हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, आणि मग चपापून भाऊंकडे बघत सावकाश विचारलं, "चालेल ना, भाऊ?" आणि उभी राहिली.

आल्हादनं ओट्याशी जाऊन फोन लावला. सईनं पहिल्याच रिंगला उचलला. "मी सकाळी सातला निघते. भाऊंची औषधं वेगळ्या पिशवीत ठेव, आणि हे बघ, वाटेत त्यांना..."

"सई," तो म्हणाला. "भाऊ नको म्हणतायत."

"काय? बोलले ते? कधी म्हणाले?"

"तू बर्फीचं विचारलंस तेव्हा."

पलीकडून काही आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. एरवी त्यानं हॅलो हॅलो केलं असतं. आता फोन कानाशी धरून तो नुसता उभा राहिला.